झाडीपट्टीत वय विचारताना

"बायकांना त्यांचं वय विचारायला तू एवढ्या लांब चाललीस?" माझी बहीण फोनवर म्हणाली आणि हसतच सुटली. मी म्हटलं, पुरुषांनाही विचारणार आहे. त्यावर ती आणखी हसली.

तिला काय समजावणार? मी कोल्हापुरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर जुन्या खानेसुमारीचे तक्ते वाचायचा नाद लागला. त्या तक्त्यांत एक गंमत आहे. चाळीस वर्षांची माणसं ढिगानं सापडतात, एक्केचाळीसची मोजकीच. पन्नासचा ढीग, साठचा त्याहून मोठा ढीग, आणि मधल्या वर्षांत सगळा शुकशुकाट. माणसं काही दहा-दहा वर्षांनी जन्माला येत नव्हती. ज्याला आपलं वय नेमकं ठाऊक नाही तो 'असेल चाळीस' म्हणून मोकळा होतो. ढीग जितका उंच, तितका त्या लोकांचा आकड्यांशी संबंध कमी, असं धरून अभ्यासक जुन्या काळचं अंकज्ञान मोजतात. बायकांचे ढीग बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा उंच दिसतात. हे सगळं मी फळ्यावर कितीदा समजावलं असेल. पण 'असेल चाळीस' म्हणणाऱ्या माणसासमोर बसून 'कशावरून?' असं कधीच विचारलं नव्हतं.

माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली गोंदियाची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. शिकायला कोल्हापूरला येऊन राहिली होती, आता तिकडेच शिकवते. ती म्हणाली, "म्याडम, दिवाळीनंतर या. धानकटाई चालू असते, मंडई असतात, माणसं गप्पांच्या मूडमध्ये असतात." म्हणून गेले.

गोंदिया आणि कुडवा

कोल्हापूरहून निघालेली गाडी राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मी उतरले तेव्हा माझं मराठी मात्र स्टेशनातच राहिलं. बाहेर रिक्षावाला, "म्याडम, कुडवा जाना है क्या? बैठो, बैठो." चहावाला हिंदीत, केळीवाली हिंदीत, आणि वैशाली दोन्ही भाषा एका वाक्यात कालवून. शहराला राईस मिलचा वास आहे. भिजलेल्या तुसाचा, थोडा आंबूस, थोडा भाजका. पहिल्यांदा तो नाकात बसतो. मग तुम्ही तो विसरता.

वैशालीचं घर कुडव्याला. मला मागे बसवून तिनं स्कूटर अशी काढली की मी गणपतीचं नाव घेत राहिले. घराजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. आम्ही कोल्हापूरकर तिखटाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. मी टपरीवाल्याला म्हटलं, "तर्री जरा जास्तच घाला." त्यानं घातली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वैशालीनं रुमाल पुढे केला आणि एक शब्दही बोलली नाही. जुन्या विद्यार्थिनी फार सभ्य असतात.

संध्याकाळी तिनं माझी प्रश्नावली वाचली आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

"'आपलं वय अंदाजे काय असावं?' म्याडम, असं विचाराल तर लोक म्हणतील, ही कोनती सायबीण आली. सरळ विचारायचं. कितीक वरसाचे आहा?"

"उद्धट नाही वाटणार?"

"इथे गोड बोललं की माणसाला संशय येतो."

नागरा

नागऱ्याला शंकराचं जुनं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, आत गार, बाहेर सकाळपासून माणसांची ऊठबस. दर्शन घेऊन आम्ही बाहेर पारावर बसलो. शेजारी पागोटं बांधलेले एक आजोबा होते. वैशालीनं शिकवल्याप्रमाणे मी सरळ विचारलं.

"पंच्याहत्तर," ते म्हणाले.

"आणि मागच्या वर्षी किती होतं?"

"पंच्याहत्तरच. एका वरसात का बुढा होऊन जाईन मी?"

पारावरचे सगळे हसले. तेही हसले. मग एकेकानं आपलं वय सांगितलं. त्यात दोन जाती निघाल्या. जे शाळेत गेले होते ते तारखेसकट सांगत, आणि जवळजवळ सगळ्यांची तारीख एकच, जुलैची पहिली. शाळेत नाव घालताना गुरुजींना तारीख हवी असायची, घरच्यांना ती ठाऊक नसायची, म्हणून गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख ठोकून दिली. जे शाळेत गेले नाहीत ते साठ, पासष्ट, सत्तर म्हणत. म्हणजे नेमका आकडा सांगणाऱ्यालाही आपलं वय ठाऊक असतंच असं नाही; त्याला फक्त गुरुजींचा आकडा पाठ असतो. फळ्यावर शिकवताना हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

देवळासमोर बेलाची पानं विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "याले विचारा."

नवऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, जणू बाजारात बैल पारखतोय. "असन साठक."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी बाईंना विचारलं.

"मले कोनी विचारलंच नाई त वाटन कायले?" ती म्हणाली आणि पानांवर पाणी शिंपडायला लागली.

तलावाचं गाव

तिसऱ्या दिवशी वैशाली मला तिच्या मैत्रिणीच्या सासरी घेऊन गेली. मैत्रीण वंदना. शेतकऱ्याचं मोठं घर, घरामागे तलाव. या भागात काही शेतकरी घराण्यांनी पिढ्यानपिढ्या असे तलाव बांधले, पाळ म्हणजे मातीचा बांध घातला आणि त्याच्या भरवशावर धान पिकवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या होत्या, खळ्यांवर भाऱ्यांची पुंजणी रचलेली, आणि दूर एका बांधीत सारस पक्ष्यांची जोडी, माणसाएवढी उंच, आपल्याच शेतात उभी असल्यासारखी.

सारस नीट दिसावेत म्हणून मी बांधावरून चार पावलं पुढे गेले आणि सरळ चिखलात. इथे शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, आणि बांधी वरून सुकलेली दिसली तरी आत ओली असते, हे मला गुडघ्यापर्यंत रुतल्यावर कळलं. धान कापणाऱ्या बायका विळे टाकून आल्या. दोघींनी बगलेत हात घातले, एकीनं पाय ओढला. पाय आला, चप्पल आली नाही. "राहू द्या," त्यातली एक म्हणाली, "पुढच्या हंगामाले उगवन."

अशा अवतारात मी वंदनाच्या अंगणात शिरले. ओसरीवर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, हातभर गोंदण, नजर अशी की समोरच्याला आपोआप ताठ उभं राहावं लागावं. ही वंदनाची सासू, भागरताबाई. माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहून त्यांनी नातीला हाक मारली. "पूर्वा, पानी आन. हे बाई शेतातून उगवून आली."

पूर्वा नववीत शिकते. सडसडीत, दोन वेण्या, सायकलवरून आत्ताच शाळेतून आलेली. इथे मुलीला पोट्टी म्हणतात, आणि ही पोट्टी आजीची फार लाडकी. माझ्या पायांवर पाणी घालताना ती हसू दाबत होती, आणि आजी तिला दटावत होती, आणि मग दोघी एकदमच हसल्या.

दुपारच्या जेवणात लाखोळीची डाळ, भात, कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांचे वडे आणि पुन्हा भात. आमच्याकडे भाकरी संपली की भात येतो. इथे भात संपला की भात येतो. भागरताबाई माझ्या पानाकडे लक्ष ठेवून होत्या. "खा. जीव नाई तुह्यात." आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच कानाला जाणवली. इथल्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी होतो' म्हणतात. एक-दोनदा मी चमकले, मग ते इतकं आवडलं की परतल्यावरही काही दिवस माझ्या तोंडी राहिलं.

जेवणं होत असतानाच भागरताबाईंचे धाकटे भाऊ डोमाजी आले. शेजारच्या गावचे निवृत्त गुरुजी. दुसऱ्या दिवशी गावात मंडई होती, दिवाळीनंतरची इथली जत्रा. दुकानं, पाहुणे, नाटक असं सगळं. त्यासाठी ते बहिणीकडे दरवर्षी येतात. मी कशासाठी आलेय हे ऐकून ते खूश झाले.

"म्याडम, या भागात अर्ध्या लोकांचा जन्म माझ्या पेनातून झाला," ते म्हणाले. "माय पोराले घेऊन येई. कधी झाला? त म्हने, धान निसवत होता तवा. मी पोराकडे पाही, त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाले पुरतो का पाही, आनि लिहून टाकी. जुलैची पहिली."

"आणि मुली?"

गुरुजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मुली येत कुठं? आल्या त त्यांचं बी लिहिलं असतं."

मग मी भागरताबाईंना विचारलं. सरळ. कितीक वरसाच्या आहा?

"ऐंशी."

"आधार कार्डावर नव्वद आहे," आतून वंदना म्हणाली.

"तो पोरगा आला होता मशीन घेऊन. त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं आनि टाकले नव्वद," भागरताबाई म्हणाल्या. "माही आई असती त तिचे दीडशे टाकले असते."

मी म्हटलं, आपण आकडा बाजूला ठेवू. आधी काय झालं आणि नंतर काय झालं एवढंच सांगा. माझी ही जुनी रीत, पुस्तकात वाचलेली. गुरुजींच्या अंगातला मास्तर लगेच जागा झाला. त्यांनी पूर्वाकडून खडू मागितला आणि ओसरीवर एक लांब रेघ ओढली. रेघेच्या एका टोकाला स्वतःचा जन्म लिहिला. "माझे कागदावर अठ्ठ्याहत्तर. पन माझ्या गुरुजीनं एक वरस वाढवलं होतं, आईच सांगे. म्हनजे सत्त्याहत्तर."

"आता सांगा," मी भागरताबाईंना म्हटलं, "गुरुजी जन्मले तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"केवढी म्हंजे? माहा दात पडला होता." त्यांनी वरच्या हिरडीवर बोट ठेवलं. "समोरचा. मी तो छपरावर फेकाले गेलो, त आतून हा रडला. आजी म्हने, पाह्य वो, दात फेकला आनि भाऊ आला."

गुरुजी मोठ्यानं हसले. ही गोष्ट त्यांनीही ऐकलेली नव्हती. समोरचे वरचे दात सातव्या वर्षाच्या आसपास पडतात. मी रेघेवर सात वर्षं मागे जाऊन खूण केली. आणि मनातून फुशारले, हेही सांगते. नव्वदही नाही, ऐंशीही नाही. चौऱ्याऐंशी. ढिगातून एक माणूस मी बाहेर काढलं होतं.

"लग्न?"

"हा नागडा गाडीमागं पळत आला होता. बोबडा बोले. 'तायी, तायी' करे."

"शाळेत जात नव्हतो मी," गुरुजी म्हणाले. "चार वरसाचा असन."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, अकरा. पूर्वा वाकून पाहत होती. "आजी, अकरा वर्षांची? पाचवीतली मुलगी!"

"तवा तसंच होतं," भागरताबाई सहज म्हणाल्या. "मंग मोठी झाल्यावर सासरी धाडलं."

मी तिथेच थांबायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. पण पुढचा प्रश्न ओठांवर तयार होता. "पहिलं मूल कधी झालं?"

 आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. वंदना दारात आली.

"पहिलं बाळ राहिलं नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "तलावाची पाळ फुटली, त्या वरसची गोष्ट आहे."

"वीस वरसाची होतो मी तवा," भागरताबाई म्हणाल्या. हा आकडा त्यांनी असा सांगितला की जणू तो त्यांना कुणीतरी पाठ करून दिला होता. "चांगली वीस वरसाची बाई होतो. मले समजाले पायजे होतं."

आणि मग त्यांनीच सांगितलं. पाऊस थांबत नव्हता. भर दुपारी पाळ फुटली आणि गावातलं प्रत्येक माणूस टोपली घेऊन तलावाकडे धावलं, सासू-सासरेसुद्धा. घरात त्या आणि बाळ. बाळाचं अंग तापलं होतं. त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, पदरानं झाकलं. ते रडत होतं, मग थांबलं. "मले वाटलं झोपला. मी बी भिंतीले टेकलो आनि झोपलो." माणसं चिखलानं माखून परत आली तेव्हा सासूनं पदर उचलला.

"सासू म्हने, एवढी मोठी बाई, एक लेकरू नाई सांभाळता आलं तुले." त्या बोलताना कुणाकडेच पाहत नव्हत्या. "बरोबर म्हने. मंग मले चार पोरं झाले, मोठे झाले. पन मी झोपलो होतो, हे काही जात नाई."

 गुरुजी रेघेवर खडू मागे-पुढे फिरवत होते. मग त्यांचा खडू धरलेला हात थांबला.

"ताई," ते म्हणाले, "पाळ फुटली तवा मी दुसरीत होतो."

"काय गा?"

"मी बाबासंगं आलो होतो, बैलगाडीनं. तुझं बाळ गेलं म्हनून. मले कोनी सांगितलं नव्हतं. मी पाटी आनली होती, बेचा पाढा लिहून, तुले दाखवाले. बाबानं ती गाडीतच ठेवाले लावली." ते बहिणीकडे वळले. "दुसरीत होतो ताई मी. सात वरसाचा."

त्यांनी रेघेवर खूण केली. सात आणि सात. आकडा कुणी उच्चारायची गरज नव्हती, पण पूर्वा वर्गात उत्तर द्यावं तशी बोलून गेली. "चौदा."

भागरताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शाळेचा गणवेश, वेण्या, गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची खपली.

"तू कितीची आहेस वो?"

"चौदा," पूर्वा म्हणाली. आणि ती आईजवळ सरकली.

भागरताबाई उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या.

त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. वंदनानं दोनदा ताट नेलं आणि परत आणलं. माझं पान वाढताना तिच्या हातात दुपारची माया नव्हती. गुरुजी अंगणात येरझारा घालत होते. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काऊन काढलं मी ते? जुनं होतं, गाडलेलं होतं." ते मी काढलं होतं. रेघेवर सगळ्या खुणा नीट बसल्या होत्या आणि मला त्याचा एक कणभरही आनंद होत नव्हता. वैशाली म्हणाली, "म्याडम, सकाळी निघू या का?" मी हो म्हटलं.

पाळीवर

सकाळी सामान बांधून बाहेर आले तर घरात धावपळ. भागरताबाई खाटेवर नव्हत्या. वंदनाचा नवरा शेताकडे पळाला, गुरुजी रस्त्याकडे. मी आणि वंदना घरामागच्या पायवाटेनं तलावाकडे गेलो. माझ्या पायात वंदनाचीच चप्पल होती, एक माप मोठी, आणि मी अडखळत तिच्या मागे धावत होते. मनात काय काय येत होतं ते लिहीत नाही.

त्या पाळीवर बसल्या होत्या. एकट्या नव्हत्या, पूर्वा शेजारी होती. तलावावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठाला कमळाच्या पानांत बगळे. वंदनाला रडू फुटलं. "आई, सांगून त जायचं!"

"पोट्टीले सांगितलं न," भागरताबाई म्हणाल्या. "तिले घेऊनच आलो."

आम्ही खाली बसलो. समोर मोहाचं जुनं झाड होतं. पूर्वानं मला नजरेनंच त्या झाडाचा बुंधा दाखवला. बाळाला तिथे पुरलं होतं, आजीनं तिला तेवढ्यात सांगितलं होतं. वंदना या घरात लग्न होऊन आली त्याला किती वर्षं झाली, पण तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"काल हे झोपली माह्याजवळ," भागरताबाई पूर्वाकडे पाहत म्हणाल्या. "सकारी जाग आली, पाह्यलं. तोंड उघडं टाकून झोपली होती. लहान लेकरावानी. मी इचार केला, हिच्या मांडीवर तापलेलं लेकरू दिलं, आनि घरात कोनीच नाई, बाहेर एवढा पाऊस, त हे काय करन? हे बी रडन. आनि रडून रडून झोपन." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "हिले मी म्हनन का, एवढी मोठी बाई म्हनून?"

"नाई," वंदना म्हणाली.

"नाई म्हनत. हिले जवळ घेईन मी." त्या थांबल्या. तलावाकडे पाहून जणू पलीकडच्या काठावर कुणी उभं असावं तशा जरा मोठ्यानं बोलल्या, "बाई नोहतो मी. पोट्टी होतो."

मग त्या रडल्या. गुरुजी तोवर धापा टाकत पोचले होते. ते बहिणीच्या पायाशी बसले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी उठून थोडी दूर गेले. तिथे माझं काही काम नव्हतं.

परत निघताना त्यांनी मला हाक मारली. माझ्या खांद्यावर हात टाकला, भार देऊन चालू लागल्या. मी म्हटलं, "आजी, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला."

"झाला," त्या म्हणाल्या. इथे गोड बोलत नाहीत. थोडं चालल्यावर पुढे म्हणाल्या, "सासूले बी कोनी विचारलं नसन, का तू कितीची होती म्हनून. ते बी तशीच आली असन." आणि घर दिसायला लागल्यावर, "वंदना, काल रातचा भात आहे का वो? भूक लागली."

फोडणीचा भात आणि तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, ज्यांना इथे आयते म्हणतात. त्या जेवल्या. वंदनानं माझ्या पानात न विचारता तिसरं आयतं टाकलं, आणि मला कळलं की आपल्याला माफी मिळाली आहे. सामान पुन्हा सोडलं.

मंडई

दुपारनंतर मंडई भरली. एवढंसं गाव, पण माणसं कुठून कुठून आली होती. जिलबीच्या कढया, फुगे, बांगड्या, आरसे, प्लास्टिकचे ट्रॅक्टर. एका कोपऱ्यात रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता आणि लाउडस्पीकरवरून कुणीतरी नायिकेच्या आगमनाची आरोळी ठोकत होतं. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी अशा चार बोली एकाच जिलबीवाल्याशी भांडत होत्या. आमच्याकडच्या जत्रेत देव असतो आणि माणसं त्याला भेटायला येतात. मंडईत माणसं माणसांनाच भेटायला येतात. लेकी माहेरी येतात, सोयरे एकमेकांकडे जेवतात, लग्नं ठरतात. लग्नं ठरतात हे ऐकून मी वैशालीकडे पाहिलं. "आता शिकलेल्या मुलींची, म्याडम," ती घाईनं म्हणाली. "अठरा झाल्याशिवाय नाही. निदान आमच्या ओळखीत नाही."

पूर्वाला गुरुजींनी जिलबी घेऊन दिली. ती आणि तिच्या मैत्रिणी पाळण्यात बसायला पळाल्या. पाळणा वर जाताना त्या अशा किंचाळत होत्या की मला दोन्ही कान झाकावे लागले.

आम्हाला अंधाराआधी गोंदियाला पोचायचं होतं. निरोप घ्यायला भागरताबाईंना शोधत गेले, तर त्या बांगड्यांच्या दुकानाजवळ चटईवर बसलेल्या, आणि शेजारी त्यांच्याच वयाच्या एक फुलाबाई, शेजारच्या गावच्या, लहानपणापासूनच्या ओळखीच्या. दोघींनी पान लावलं होतं. मी वाकून नमस्कार केला. भागरताबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाल्या, "पुढच्या मंडईले ये. चप्पल घालून ये."

फुलाबाईंनी विचारलं, "हे कोन?"

"कोल्लापूरची मास्तरीन आहे. वय विचारत फिरते."

"कायले?"

भागरताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यावं म्हणून नाही. त्या स्वतःच शब्द शोधत होत्या. वैशालीनं रस्त्यावरून हॉर्न वाजवला. मी हातानंच तिला थांब म्हटलं.

"फुले," भागरताबाई म्हणाल्या, "तुही मोठी पोरगी झाली, तवा तू केवढी होती?"

"तवा?" फुलाबाईंनी पानाची पिंक टाकली. "असन अठरा-वीसची."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? सगळे म्हनत."

भागरताबाईंनी चटईवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि फुलाबाईंना बसायला ऐसपैस जागा केली.

"सरक अशी. टेकून बस," त्या म्हणाल्या. "आपन मोजून पाहू."